हे बरं की आधीचं?

१२ जानेवारी

ती. ताई,

वाकून नमस्कार. वाकलो आणि थोडा वेळ तसाच राहिलो, कारण सरळ व्हायचं की नाही ते हल्ली कंबर ठरवते.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि मग 'तूच ऐकत नाहीस' म्हणून भांडतो, तेव्हा यापुढे पत्रंच लिहायची हा तुझा हुकूम मान्य. पत्रात निदान तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

बातमी अशी की मेअखेर मी निवृत्त होतोय. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, सगळ्यांना वर पोचवलं, आणि स्वतः राहिलो कंपनीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्या आता सोडायच्या. शहरात राहायचं नाही यावर आम्हा नवरा-बायकोचं एकमत झालंय, आणि आमचं एकमत होणं ही काय चीज आहे ते तुला ठाऊक आहे. एखादं छोटं गाव बघायचं. दवाखाना जवळ, बाजार पायी, आणि संध्याकाळी 'काय, कसं काय?' विचारणारं कोणीतरी. बस्स.

पण गाव मी असंतसं घेणार नाही, तपासून घेणार. नवी लिफ्ट बसवली की आम्ही आधी ती रिकामी चालवतो, मग वजन भरून चालवतो, आणि शेवटी मुद्दाम मध्येच वीज तोडतो. रिकामी लिफ्ट कुठलीही झकास चालते गं! खरी परीक्षा वीज तोडल्यावर. तर गावाचीही वीज तोडायची. म्हणजे काय, तर भर बाजारात बटाट्यांची पिशवी सांडायची आणि बाजूला उभं राहून बघायचं लोक काय करतात ते. बायको म्हणते, हे करताना मला ओळख दाखवू नका.

तुझं गाव यादीत नाही. तू काही म्हणाली नाहीस, म्हणून मीही धरलं नाही. आमच्या धंद्यातली सवयच ती, कोणी बटण दाबल्याशिवाय लिफ्ट हलत नाही.

तुझा,
टिल्लू (अजून सहा फुटीच)


२० जानेवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद, आणि कंबरेला शेक.

निवृत्त होतोयस हे वाचून बरं वाटलं. म्हणजे आता तू शिडीवर चढलास की काळजी करायला नको. तसा तू घरातल्या शिडीवरूनच पडशील, पण ते वेगळं.

बटाटे सांडण्याची अक्कल तुला कोणी दिली? लहानपणी दूध सांडलंस तेव्हा आईने केलं तेच लोक करतील. पण तुझं तू बघ. मी काही सुचवणार नाही. माझं चष्म्याचं दुकान अजून सकाळचं चालू आहे, आणि तिथलाही नियम हाच. नंबर काढताना गिऱ्हाईकाच्या नाकावर ती मोठी चौकट चढवायची, एकेक काच बदलायची आणि फक्त विचारायचं, 'हे बरं की आधीचं?' आपण तोंडातून अक्षर काढायचं नाही. 'हे छान दिसतं ना?' असं म्हटलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, चष्मा घेऊन घरी जातो आणि महिनाभर डोकं धरून बसतो. आणि म्हातारपणचं गाव म्हणजे चष्मा नव्हे की आठवड्याने बदलून देता येईल.

बाकी इकडे सगळं ठीक. माझ्या शेजारचं घर रिकामं झालं. तिथले कंपाउंडर आपल्या मुलीकडे राहायला गेले. घर लहानसंच आहे, पण स्वयंपाकाचा ओटा उंच आहे, उंच माणसाला वाकावं लागत नाही. आणि दोन्ही अंगणांत मिळून एकच भिंत, तीही खुजी. हे आपलं सहज लिहिलं.

वहिनीबाईंना सांग, ओळख दाखवू नये हेच शहाणपणाचं.

ताई


४ फेब्रुवारी

ती. ताई,

शेजारचं घर रिकामं झालं हे वाचून मला काळजीच वाटली. एकटी बाई, त्यात भिंत खुजी! कोणीही उडी मारून येईल. म्हणून सोबत पार्सलने कडी पाठवतोय. मालवाहू लिफ्टच्या दाराची आहे, हत्तीने धक्का मारला तरी हलायची नाही. सुताराकडून बसवून घे. आणि रिकाम्या घराच्या बाजूचा दिवा रात्रभर चालू ठेव.

पहिलं गाव बघून आलो, समुद्राकाठचं. रिकामी लिफ्ट म्हणून उत्तम! वारा काय, वाळू काय, बायको तर चपला हातात घेऊन अशी चालत होती की मला तिचं लग्नाच्या वेळचं वय आठवलं. पण ताई, गंज! बिजागऱ्या गंजलेल्या, खिडक्यांचे गज गंजलेले, दवाखान्याच्या दाराची मूठ माझ्या हातातच आली. ती मूठ घेऊन मी डॉक्टरांसमोर उभा राहिलो, तर ते म्हणाले, 'काय होतंय?' मी म्हटलं, 'मला नाही, तुमच्या दाराला.' मला तिथे रात्रभर झोप लागली नाही. सारखं वाटे, उठावं आणि गावाला तेल द्यावं.

बटाटे सांडले. लोक थांबले, बघितलं, आणि बाजूने गेले. एका बाईने मात्र एक उचलून वास घेतला आणि कुठून आणले ते विचारलं.

आधीचं बरं होतं, असं म्हणायला अजून आधीचं काही नाही. पुढच्या महिन्यात डोंगरावरचं गाव.

तुझा,
टिल्लू


१५ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

कडी मिळाली. पोस्टमन दोन्ही हातांनी घेऊन आला आणि म्हणाला, 'ताई, तोफ मागवलीत काय?' सुताराने ती बसवली. बसवल्यावर तासाभराने दारच खाली आलं. कडी मात्र जागच्या जागी आहे, हे कबूल करायला हवं.

अरे, भीती कसली? घर रिकामं आहे एवढंच मी लिहिलं. बघायला लोक येतात, बघतात आणि का कोण जाणे, परत जातात. परवा एक जोडपं आलं होतं. त्यांना मी चहाही दिला. चहा पिऊन गेले ते गेलेच.

त्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या खिडकीसमोर आहे. इकडे चहा उकळला की तिकडे वास. कंपाउंडरीणबाई तिकडून नुसता कप वाजवायच्या आणि मी इकडून साखर द्यायची. आता मी एकटीच कप वाजवते, आणि आपलाच आवाज ऐकून हसते.

डोंगरावर जा, पण जपून. गंजापेक्षा चढ वाईट. गुडघ्याला तेल देऊन भागत नाही.

ताई


१० मार्च

ती. ताई,

वाचताना हसू नकोस.

डोंगरावरच्या गावात मी बाजाराच्या मधोमध बटाट्यांची पिशवी सांडली. चढाचा विचार केला नव्हता. सगळे बटाटे जे सुटले ते थेट खाली, वळणावरून, पायऱ्यांवरून, बस थांबते तिथपर्यंत. मागे मी, माझ्या मागे कुत्रं. बायको ओळख न दाखवता एका दुकानाच्या ओट्यावर बसून रुमालाने डोळे पुसत होती, आणि ते रडणं नव्हतं. खाली पोचलो तेव्हा कंडक्टरने विचारलं, 'तुम्हाला बटाट्यांसकट जायचंय का?' वर परत यायला मला दुपार झाली. दवाखाना त्याहून वर! म्हणजे तिथपर्यंत जो चढू शकतो त्याला दवाखान्याची गरजच नाही.

पण त्यानंतर तिसरं गाव पाहिलं, आणि ताई, सापडलं! नदीकाठचं, सपाट. बटाटे सांडताच चहूकडून माणसं धावली. मला बाकावर बसवलं, एकाने वारा घातला, एका आजीने माझी जीभ बघितली. बटाटे गोळा करून दिले ते सांडले त्याहून जास्त भरले. मी सांगत होतो, 'अहो, हे माझे नाहीत,' तर म्हणाले, 'चक्कर आलीय माणसाला, ऐकू नका त्याचं.' याहून चांगलं गाव कुठलं असणार? दवाखाना जवळ, बाजार जवळ, घरही मिळतंय. एप्रिलच्या मध्यापर्यंत घरमालकांना पक्का शब्द द्यायचाय. तुझ्याकडून तिथे यायचं म्हणजे दोन गाड्या बदलाव्या लागतील, पण येशीलच की वर्षातून एकदा.

घर चांगलं आहे. ओटा जरा बुटका आहे. आणि शेजारी कोण आहे ते अजून दिसलं नाही.

तुझा,
टिल्लू


१९ मार्च

चि. टिल्लू,

अभिनंदन. सपाट गाव आहे हे उत्तम. माणसं चांगली आहेत हेही उत्तम. सगळं उत्तमच आहे.

आता शेजारच्या घराबद्दल काही लिहीत नाही.

माझी तब्येत ठीक. दार नवीन केलं.

ताई


२७ मार्च

ताई,

नमस्कार. मी कधी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि हे पत्र मी लिहिलंय हे तुमच्या भावाला माहीत नाही.

तुमचं चार ओळींचं पत्र आल्यापासून हे घरात असे फिरतायत, जसं काही चावी हरवली आहे. विचारलं की म्हणतात, 'गाव छान आहे.' दिवसातून चारदा म्हणतात. मी पस्तीस वर्षं तिकीट खिडकीवर बसले आहे. ज्याला मनापासून जायचं असतं तो गावाचं नाव घेतो, तिकीट घेतो आणि पळतो. गाव किती छान आहे हे खिडकीशी उभं राहून सांगत बसतो, त्याची गाडी हमखास दुसरीच असते.

काल रात्री जेवताना मला म्हणाले, 'ताई एकटीच कप वाजवते.' आणि घास हातातच राहिला.

ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. यांना तुमच्याजवळ राहायचंय. मलाही. समुद्राच्या गावात यांनी गंज बघितला तो तुमच्या गावात नाही म्हणून. डोंगरावर चढ मोजला तो तुमच्या गावात नाही म्हणून. नदीकाठच्या गावात बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर ओटा बुटका निघाला! उंच ओट्याचं यांना कोणी सांगितलं होतं?

हे म्हणतात, 'तिने एकदाही या म्हटलं नाही. तिला नको असेल आमची कटकट या वयात.' मी तुमची सगळी पत्रं पुन्हा वाचली. खरंच कुठे 'या' म्हणून लिहिलेलं नाही. नको असेल तर तसं सांगा, मी यांची समजूत घालीन. पण हवं असेल तर ताई, पंधरा एप्रिलच्या आत.

तुमची,
भावजय


१ एप्रिल

प्रिय वहिनीबाई,

वयाने लहान असलीस तरी आज तुला वाकून नमस्कार. माझीही कंबर तशीच आहे, तेव्हा त्याची किंमत ओळख.

नको असेल म्हणे! अगं, त्या घरात दुसरं कोणी येऊ नये म्हणून मी काय काय उद्योग केलेत ते ऐक. पहिल्या जोडप्याला चहा दिला आणि हळूच सांगितलं की छत गळतं. ठणठणीत छत आहे! दुसऱ्यांना सांगितलं, रात्री माळ्यावर कोणीतरी चालतं. एक मास्तर आले होते, शांतता हवी म्हणाले. त्यांच्यासमोर मी दिवसभर दार उघडबंद केलं, टिल्लूच्या कडीसकट. घरमालकांना अजून कळेना की एवढं चांगलं घर जातं कसं नाही. परवा त्यांनी मलाच येऊन सांगितलं, 'ताई, तुम्ही शेजारी आहात, जरा चांगलं बोला की घराबद्दल.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता एक कर्णावाला आलाय. बँडमध्ये तो मोठा पितळी कर्णा वाजवतो. छत गळतं म्हटलं, तर म्हणाला, 'वाद्य पितळी आहे, पुसून घेईन.' माळ्यावर कोणीतरी चालतं म्हटलं, तर म्हणाला, 'बरं, ऐकणारं कोणीतरी मिळालं.' येत्या सोमवारी त्याला चावी देणार आहेत.

मग स्पष्ट का लिहीत नाही, असं विचारशील. अगं, भीती वाटते. मी 'ये' म्हटलं की तो उठून येईल. लहानपणापासून तसाच आहे, मी विहिरीकडे बघ म्हटलं तरी बघायला जायचा. आणि इथे आल्यावर त्याला करमलं नाही तर? इथे लिफ्ट सोड, दुसरा मजला असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी. दुपारी गावात पान हललं तर लोक बाहेर येऊन बघतात. माझ्यासाठी म्हणून येईल, आणि उरलेलं आयुष्य तोंडातून ब्र न काढता डोकं धरून बसेल. चुकीच्या नंबराचा चष्मा आपल्याच भावाच्या नाकावर कसा चढवू?

पण तुझं पत्र वाचून रात्रभर विचार केला. मी विचारलंच नाही, तर तो 'नको' तरी कसं म्हणणार? काच पुढे केल्याशिवाय हे बरं की आधीचं, हे विचारता येत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि जन्म गेला माझा या धंद्यात.

उद्या लिहिते त्याला.

ताई


२ एप्रिल

टिल्ल्या,

ये.

शेजारच्या घरात राहायला ये. बायकोला घेऊन ये, तुझी अवजारं घेऊन ये, ती कंबर घेऊन ये. मला तू शेजारी हवा आहेस. जानेवारीपासून हवा आहेस. खरं सांगायचं तर तू शहरात गेलास त्या दिवसापासून हवा आहेस, पण तेव्हा तुला नोकरी हवी होती आणि मला नवीन दुकान, म्हणून दोघंही गप्प बसलो.

गावाबद्दल खरंखुरं सांगते. दुपारी इथे फार कंटाळा येतो. नळाला पाणी सकाळीच येतं. दवाखाना जवळ आहे, पण डॉक्टर फार बोलतात. बटाटे सांडून बघायची गरज नाही, मागच्या वर्षी मीच बाजारात घसरून पडले होते. सगळ्यांनी मिळून उचललं आणि मग सगळ्यांनी मिळून महिनाभर उपदेश केला. पडले होते हे तुला कळवलं नव्हतं. आता ओरडू नकोस.

आवडलं नाही तर परत जा. मी रडेन, पण अडवणार नाही. मात्र भिडेखातर राहायचं नाही, हे वचन दे.

सोमवारच्या आत कळव. पत्राने नको, फोन कर. भांडलो तरी चालेल.

बटण दाबलंय. आता बघू तुझी लिफ्ट चालते का.

ताई


१४ एप्रिल

ती. ताई,

फोनवर मी आधी ओट्याची उंचीच विचारली म्हणून चिडलीस. अगं, सवय जात नाही. बायकोने रिसीव्हर हातातून घेतला आणि 'येतोय' म्हणाली, नाहीतर आपण अजून इंचांवरून भांडत बसलो असतो.

पडलीस आणि कळवलं नाहीस! यावर मी समोर येऊन ओरडणार आहे. मुद्दाम राखून ठेवलंय.

नदीकाठच्या घरमालकांना कळवलं. बिचारे म्हणाले, 'चक्कर आली होती तेव्हाच वाटलं होतं, तब्येत बरी दिसत नाही.' तसंच समजू दिलं.

कर्णावाल्याला तू दुकानावरची खोली दिलीस हे तुझ्या भावजयीकडून कळलं. फार चांगलं केलंस. पण तू नंबर काढणार, वरून तो कर्णा वाजवणार, आणि गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचणार कशी?

वचन देतो. भिडेखातर राहणार नाही. मेअखेर निघतो.

तुझा,
टिल्लू


१७ जून
(भिंतीवरून)

ताई,

उठलीस का? हाक मारली तर गल्ली जागी होईल, म्हणून चिठ्ठी दगडाला बांधून टाकतोय. दगड लहान आहे, लागला तर क्षमा.

स्वयंपाकघरात टपटप पाणी पडतंय. वर जाऊन बघितलं. टाकीला तडा आहे, आणि छताला त्याहून मोठा. तू सगळ्या जगाला सांगत सुटली होतीस की या घराचं छत गळतं, आणि आम्हालाच तेवढं सांगितलं नाहीस.

बायको बादलीवर बसून हसतेय. मला हातोडी सापडत नाही.

टिल्लू


(त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला)

दगड साखरेच्या डब्यात पडला. नेम लहानपणापासून तसाच!

हातोडी माझ्याकडे आहे, तूच काल माझ्या दाराला खिळे ठोकून इथेच विसरून गेलास. शिडी पण आहे. वर मात्र सुताराला चढू दे, तू खालून सूचना दे.

चहा उकळलाय. वहिनीला म्हणावं कप घेऊन ये. आणि टिल्ल्या, वचन दिलं होतंस, तेव्हा आता छताकडे बघून खरं खरं सांग.

हे बरं की आधीचं?

ताई


(त्याच्याखाली, पेन्सिलने)

हे.